गव्हांकुराची कुंडी: देवघरातला घट, फ्लॅटमधला डबा आणि आईचं हिमोग्लोबिन

आज कोडिंगवर काही नाही, इंटरव्ह्यू टिप्सही नाहीत. आज घरात कुंडीत गहू कसा लावायचा ते सांगणार आहे. हसू नका. हे माझ्याकडून तीन वेळा फसलंय. चौथ्यांदा जमलं, तेही आईमुळे. आणि मधल्या काळात घरात एक गोष्ट अशी झाली की ती सांगितल्याशिवाय हा एपिसोड करण्यात अर्थ नाही. ती पुढे येईलच.

आमचं गाव जुन्नर तालुक्यात, ओतूरजवळ. आईचं माहेर आंबेगाव तालुक्यातलं, घोडेगावकडचं. (मूळ आंबेगाव हे गाव डिंभे धरणाच्या पाण्यात गेलं, तालुक्याला नाव तेवढं राहिलं.) मी हिंजवडीत एका कंपनीत बॅकएंडचं काम करतो आणि दोन मित्रांसोबत फ्लॅटमध्ये राहतो. फ्लॅटला पूर्वेची एक खिडकी आहे, बाल्कनी नाही. तर 'इनडोअर प्लांट' म्हणून मी ऑनलाइन गव्हांकुराचं किट मागवलं. छान पांढरा चिनीमातीचा बाऊल, पुडीत गहू आणि कोकोपीटची वडी. पाचव्या दिवशी त्यावर करड्या रंगाची बुरशी आली आणि आंबलेला वास सुटला. रूममेट म्हणाला, "भावा, हे बाहेर टाक नाहीतर तू बाहेर जा."

आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं. तिनं एकच विचारलं, "आरं, ह्याला खाली भोक कुठंय?"

नव्हतंच.

मग ती म्हणाली, "घट बसवताना काय करतो आपण? तेच कर की." आणि माझ्या डोक्यात तेव्हा प्रकाश पडला. आपल्या आया-आज्या दरवर्षी नवरात्रात घरातल्या घरात गहू उगवतातच की! पत्रावळीवर किंवा परडीत शेतातली माती, त्यात गहू किंवा पाच-सात प्रकारचं धान्य, मधोमध पाण्यानं भरलेला मातीचा घट. नऊ दिवसांत वीतभर कोंब येतात, दसऱ्याला घट उठले की तेच आपण टोपीत नाहीतर कानावर खोवतो. आमच्याकडे आजी कोंब बघून सांगायची की यंदा कुठलं धान्य जोमात आहे. रब्बीच्या पेरणीआधी घरचं बी उगवतंय की नाही हे कळायचा तो सोपा मार्ग. कृषी विभाग आजही पेरणीआधी ओल्या गोणपाटात शंभर दाणे मोजून ठेवा म्हणून सांगतो, ते याचंच मोजमापाचं रूप.

त्या मांडणीत मला सगळ्यात आवडतो तो मधला घट. ग्लेझ नसलेलं मातीचं भांडं पाझरतं. माती कोरडी पडली की ती भांड्यातून पाणी ओढून घेते, ओली असली की पाझर मंदावतो. वर पत्रावळीत पाणी साचूनही राहत नाही. शेतात मटका सिंचन करतात ते हेच तत्त्व. माझ्या चिनीमातीच्या बाऊलला वरून ग्लेझ आणि खाली बंद बूड, म्हणजे पाण्याला वाटच नाही. बुरशी येणार नाहीतर काय.

आता रंगाचं. घटातले कोंब पिवळे का असतात आणि फोटोतले गव्हांकुर हिरवेगार का? जात तीच, फरक उजेडाचा. दाण्यात पहिल्या काही दिवसांचं जेवण भरलेलं असतं, त्यावर कोंब अंधारातही वाढतो. उलट उजेड शोधत जास्तच लांब होतो. पण हिरवं द्रव्य बनायची शेवटची पायरी उजेडाशिवाय होत नाही. देवघरात समईचा काय तो उजेड, म्हणून पिवळे. तोच घट खिडकीत ठेवला तर एक-दोन दिवसांत हिरवा व्हायला लागेल. (आईला हे सांगितलं तेव्हा तिनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं त्यावरून हा प्रयोग आमच्या घरी होणार नाही.)

तर पद्धत. पसरट डबा घ्या, दोन-तीन इंच खोल. मी आइस्क्रीमचा प्लास्टिकचा डबा घेतला आणि तापवलेल्या खिळ्यानं बुडाला आठ-दहा भोकं पाडली. नुसती काळी माती नको, ती भिजली की चिखल आणि वाळली की ढेकूळ. अर्धी माती, अर्धं गांडूळखत किंवा कोकोपीट. माती गावाहून आणणार असाल तर दिवसा आणा. आमच्याकडे संध्याकाळनंतर उसाच्या कडेला कुणी वाकून बसत नाही, बिबट्याला माणूस आणि शेळी यातला फरक वाकल्यावर कळत नाही म्हणतात.

गहू कुठला? किराणा दुकानातला साधा लोकवन चालतो. हे नाव 'लोक-१' या वाणाचं बाजारात झालेलं रूप. तो वाण गुजरातमधल्या सणोसऱ्याच्या लोकभारती संस्थेतला, त्यातलं 'लोक' तिथून आलंय. पण एक गोष्ट नीट ऐका. कृषी सेवा केंद्रातून पेरणीचं बियाणं आणू नका. त्याला बुरशीनाशक चोळलेलं असतं, बऱ्याचदा गुलाबी-लाल रंगाचं. ते पेरायला आहे, खायला-प्यायला नाही, आणि धुऊन जात नाही. माझ्या दुसऱ्या प्रयत्नात मी तेच आणणार होतो, कारण डोक्यात गणित सोपं होतं: बियाणं म्हणजे चांगलं. आईनं पिशवीवरचा कवटीसारखा काहीतरी शिक्का बघितला आणि ओरडली. घरच्या साठवणीच्या गव्हालाही बोरिक पावडर लावलेली असेल किंवा कोठीत गोळ्या टाकल्या असतील तर तो नको.

पंचवीस बाय पंधरा सेंटीमीटरच्या डब्याला शंभरेक ग्रॅम गहू पुरतो. रात्रभर भिजवा, सकाळी पाणी काढून ओल्या फडक्यात मटकीसारखा बांधा. पांढरं टोक दिसलं की मातीवर एका थरात पसरा, दाण्यावर दाणा नको. माझा तिसरा प्रयत्न इथेच गेला, मी वाटीभर जास्त ओतला होता. वरून मातीची नुसती भुरभूर आणि ओला कागद. दोन दिवसांनी कागद काढून डबा खिडकीत. सकाळचं कोवळं ऊन उत्तम, दुपारचं कडक नको. पाणी सकाळी एकदाच, आणि बोट लावून माती ओली लागली तर तेही नाही.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी दाण्यांजवळ पांढरी लव दिसते आणि सगळे घाबरून डबा फेकतात. थांबा. पाण्याचा फवारा मारा. मुळाला चिकटून बसली, दिसेनाशी झाली, तर ती मुळांचीच केसासारखी तंतू-मुळं आहेत. बुरशी दाण्यांवरून कोळ्याच्या जाळ्यासारखी पसरते, करडी-काळी होते आणि तिला वास येतो. तसं असेल तर वाचवत बसू नका, सगळं टाका. मार्च ते मे आमच्या फ्लॅटमध्ये पस्तीसच्या वर तापमान जातं, तेव्हा मी लावतच नाही. गहू थंडीचा गडी, नवरात्रापासून फेब्रुवारीपर्यंत सुखानं येतो.

सकाळी पात्यांच्या टोकांवर थेंब दिसतील. ते दव नाही, बंद खोलीत दव कुठून पडणार. रात्रभर मुळं खालून पाणी रेटतात, ते टोकातून बाहेर येतं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा सकाळचा स्टँडअप पाच मिनिटं चुकवला होता.

आठ-दहा दिवसांत वीतभर झालं की कात्रीनं मातीच्या वर कापा. गवताचा वाढीचा बिंदू खाली असतो, त्यामुळे पुन्हा फुटतं, पण दाण्यातला साठा संपलेला असतो म्हणून दुसरी कापणी विरळ. तिसरीच्या नादी लागू नका.

आता ती घरची गोष्ट. माझा डबा जमल्यावर आईनंही ओट्यावर लावला. मला कोण आनंद! मग तिला कुणीतरी फॉरवर्ड पाठवला: गव्हांकुराचा रस म्हणजे 'हिरवं रक्त', एक किलोत तेवीस किलो भाजीचं सत्त्व. आईचं हिमोग्लोबिन तेव्हा ९.१ होतं आणि लोहाच्या गोळ्या सुरू होत्या. गोळ्यांनी पोट बिघडतं म्हणून तिनं त्या गुपचूप बंद केल्या आणि रस सुरू केला. दीड महिन्यानं तपासलं तर ८.६. जिना चढताना धाप लागत होती, पण कुणाला बोलली नाही. मला सांगितलं धाकट्या बहिणीनं.

'हिरवं रक्त' हे आलं कुठून? हरितद्रव्य आणि रक्तातलं हीम यांची रचना खरंच सारखी दिसते, एक कडं आणि मधोमध एक धातू. पण पानात मधे मॅग्नेशियम आहे, रक्तात लोह. रस प्यायल्यावर शरीर एक काढून दुसरा बसवत नाही. लोह किती मिळतं ते बघा: तीस मिली रसात एक मिलिग्रॅमच्याही आत, आणि सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या लाल गोळीत ६०. हा हिशेब मी आईला भाकरीच्या भाषेत सांगितला. ती म्हणाली, "मग आधी का नाय बोललास?" खरंय. डब्याचे फोटो स्टेटसला टाकणारा मीच होतो.

या रसाचा बोलबाला जगभर केला तो बॉस्टनच्या ॲन विग्मोर यांनी. त्यांच्या मोठमोठ्या दाव्यांवरून १९८० च्या दशकात मॅसॅच्युसेट्स राज्यानं त्यांना दोनदा कोर्टात खेचलं होतं. आपल्याकडे चंदीगडच्या पीजीआयमध्ये थॅलेसेमियाच्या १६ रुग्णांवर २००४ मध्ये एक छोटा अभ्यास छापला गेला, त्यात निम्म्यांची रक्ताची गरज कमी झालेली दिसली. लोक तेवढंच पुढे पाठवतात. तो प्राथमिक अभ्यास होता, आणि पुढे जास्त रुग्णांवर बघितलं तेव्हा तसा फायदा दिसला नाही. शिवाय हिरव्या पाल्यात व्हिटॅमिन के असतं. घरात कुणी रक्त पातळ करायची वॉरफरिनसारखी गोळी घेत असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय रस देऊ नका.

डॉक्टरांनी आईची गोळी बदलून दिली, जेवणानंतर घ्यायला सांगितली आणि गोळीच्या आगेमागे तासभर चहा बंद केला. चहा लोह शोषू देत नाही. गोळीपेक्षा चहाचंच तिला जास्त जड गेलं. अडीच महिन्यांनी आकडा ११ वर आला.

डबा अजून ओट्यावर आहे. पाती ती कोशिंबिरीत चिरून घालते, रस काढत नाही, मिक्सर धुवायचा कंटाळा म्हणून. कापून झाल्यावर खाली मुळांची जी गादी राहते ती गावाकडे शेळी दोन मिनिटांत संपवते. पुण्यात मी ती तुकडे करून सोसायटीच्या कंपोस्ट पिटात टाकतो. माती तेवढी झटकून उन्हात वाळवून ठेवा, पुढच्या खेपेला खत मिसळून परत वापरता येते.