वैद्याचे स्वातंत्र्य आणि उपकरणांचे नियमन : अमेरिकन कायद्यातील एक पेच

वैद्यकीय उपकरणांवर राज्यसंस्थेचे नियंत्रण असावे, याविषयी आता फारसा मतभेद उरलेला नाही. मतभेद आहे तो या नियंत्रणाने कोठवर जावे याविषयी. उपकरणाला मान्यता मिळते ती विशिष्ट उपयोगासाठी. ती मिळाल्यावर मात्र ते कोणत्या रुग्णावर व कशासाठी योजावयाचे, हे वैद्य ठरवितो. मान्य उपयोगाहून निराळ्या कामासाठी केलेल्या अशा योजनेस ‘ऑफ-लेबल’ वापर म्हणतात. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत या वापराविषयीचा कायदा ज्या क्रमाने घडत गेला, त्यावरून या प्रश्नाचे स्वरूप चांगले ध्यानात येते.

१९७६ च्या दुरुस्ती-अधिनियमाने तेथील अन्न व औषध प्रशासनाकडे उपकरणांचे नियमन सोपविले. धोक्याच्या मानाने उपकरणांचे तीन वर्ग पाडण्यात आले. पूर्वी बाजारात असलेल्या उपकरणाशी सारभूत साम्य दाखविता आल्यास नव्या उपकरणाला तुलनेने सुलभ मार्गाने परवानगी मिळू लागली. पुढे १९९७ मध्ये मूळ कायद्यात कलम १००६ घालण्यात आले. कायदेशीरपणे विक्रीस आलेले कोणतेही उपकरण कोणत्याही विकारासाठी आपल्या रुग्णावर योजण्याच्या वैद्याच्या अधिकारात या कायद्याने हस्तक्षेप होणार नाही, असा त्याचा आशय. निर्मात्याला ही मोकळीक नाही. अमान्य उपयोगाचा प्रचार त्याने करावयाचा नाही. तो उपयोग वैद्याने मात्र खुशाल करावा! वरवर विसंगत भासणाऱ्या या व्यवस्थेमागे एक विचार आहे. वस्तूचा व्यापार हा केंद्रसत्तेचा विषय, तर वैद्यकव्यवसाय हा परंपरेने घटकराज्यांचा व त्या व्यवसायाचा स्वतःचा. शिवाय लहान मुलांसाठी किंवा विरळ विकारांसाठी स्वतंत्र उपकरणे सिद्ध करण्यात निर्मात्यांना लाभ नसतो. तेथे वैद्याचे हात बांधणे म्हणजे रुग्णाला उपचाराविना ठेवणे होय.

या मोकळिकीची दुसरी बाजू पाठीच्या कण्यात बसविण्याच्या स्क्रूंच्या प्रकरणात दिसली. १९८० नंतरच्या दशकात एका कंपनीने मणक्यांसाठी आपल्या स्क्रूंना परवानगी मागितली. ती नाकारण्यात आली. तेव्हा हात-पायांच्या लांब हाडांचा उपयोग पुढे करून नवा अर्ज करण्यात आला आणि १९८६ मध्ये परवानगी मिळाली. स्क्रू पुढे मणक्यांतच बसले. इजा झाल्याची तक्रार करणाऱ्या रुग्णांचे सुमारे २,३०० दावे एका न्यायालयाकडे एकत्र आले. प्रशासनाची फसवणूक करून परवानगी मिळविली गेली, असे वादींचे म्हणणे होते. परंतु ‘बकमन’ खटल्यात २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, अशा फसवणुकीवर आधारलेला दावा राज्याच्या कायद्याखाली चालू शकत नाही; फसवणुकीची दखल प्रशासनानेच घ्यावयाची. ऑफ-लेबल वापर हा नियमनाच्या रचनेतूनच निघणारा स्वीकृत व आवश्यक परिणाम आहे, असेही न्यायालयाने नमूद केले. रुग्णाच्या दृष्टीने हा निर्णय कठोर होता. मात्र मध्यंतरी, १९९८ मध्ये, मणक्यांतील काही विकारांपुरते हे स्क्रू प्रशासनाने कमी धोक्याच्या वर्गात घेतले होते; म्हणजे शल्यविशारदांचा अनुभव अगदीच निराधार नव्हता.

याहून बिकट प्रसंग पुढे आला. मॅसॅच्युसेट्समधील जज रोटेनबर्ग केंद्रात स्वतःला इजा करणाऱ्या किंवा आक्रमक वर्तन करणाऱ्या, बौद्धिक व विकासात्मक अपंगत्व असलेल्या व्यक्तींच्या त्वचेला विजेचा झटका देणारे उपकरण वापरले जात असे. यांपैकी पुष्कळांना आपली वेदना शब्दांत सांगणेही कठीण. मार्च २०२० मध्ये प्रशासनाने या विशिष्ट उपयोगापुरती बंदी घातली. धूम्रपान सोडविण्यासारख्या इतर उपयोगांची झटका-उपकरणे बंदीबाहेर राहिली. कोलंबिया जिल्ह्याच्या अपील न्यायालयाने जुलै २०२१ मध्ये दोन विरुद्ध एक मताने ही बंदी रद्द केली. उपकरण कायदेशीर ठेवून त्याचा एकच उपयोग निषिद्ध करणे म्हणजे वैद्यकव्यवसायाचे नियमन करणे होय, आणि कलम १००६ नेमके तेच वर्ज्य करते, असे बहुमताचे प्रतिपादन होते. उपकरण समूळ बंद करण्याची सत्ता ज्याला आहे, त्याला त्यातील एक उपयोग बंद करण्याची सत्ता का नसावी, हा अल्पमताचा प्रश्न होता. तो सहज बाजूस सारण्याजोगा नाही. बहुमताचा अर्थ घेतला तर एका घातक उपयोगासाठी निरुपद्रवी उपयोगांचाही बळी द्यावा लागतो, किंवा सर्वच सोडून द्यावे लागते.

हा पेच अखेर विधिमंडळानेच सोडविला. डिसेंबर २०२२ मध्ये बंदीविषयीच्या कलम ५१६ मध्ये दुरुस्ती करण्यात आली. एक किंवा अधिक उपयोगांपुरती बंदी घालता येईल आणि त्या उपयोगापुरते ते उपकरण ‘कायदेशीरपणे विक्रीस आलेले’ मानले जाणार नाही, अशी तरतूद तीत आहे. कलम १००६ चे संरक्षण या एका शब्दप्रयोगावरच उभे असल्यामुळे तेवढ्यापुरते ते आपोआप गळून पडते. या अधिकाराच्या आधारे मार्च २०२४ मध्ये प्रशासनाने झटक्याच्या उपकरणावरील बंदीचा प्रस्ताव पुन्हा मांडला.