पीरपंजालच्या पायथ्याशी बारा महिने खेळ

हिमाचल प्रदेशातील कुलू जिल्ह्यात, बियास नदीच्या काठी, समुद्रसपाटीपासून सुमारे २,०५० मीटर उंचीवर मनाली हे लहानसे शहर वसले आहे. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या अवघी ८,०९६ नोंदली गेली होती. एवढ्याशा वस्तीच्या परिसरात हिवाळ्यात स्कीइंग, उन्हाळ्यात राफ्टिंग आणि पॅराग्लायडिंग, पावसाळ्यात व शरद ऋतूत पदभ्रमण व गिर्यारोहण असे वर्षभर काही ना काही सुरू असते. 'बारमाही पर्यटनस्थळ' हे विशेषण आज जवळजवळ प्रत्येक थंड हवेचे ठिकाण स्वतःला लावून घेते. मनालीच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी खरे आहे; मात्र ते खरे ठेवणारा निसर्गक्रम फार नाजूक आहे.

या क्रमाचे मूळ भूगोलात आहे. मनालीच्या उत्तरेस पीरपंजाल ही पर्वतरांग भिंतीसारखी उभी आहे. हिवाळ्यात भूमध्य समुद्राच्या बाजूने येणारे पश्चिमी विक्षोभ या भागात बर्फ आणतात, तर जुलै ते सप्टेंबर या काळात नैऋत्य मोसमी वारे कुलू खोऱ्यात पाऊस पाडतात. मोसमी ढगांपैकी फारच थोडे ढग पीरपंजाल ओलांडतात. त्यामुळे रांगेच्या दक्षिणेस देवदारांची दाट वने आणि हिरवी कुरणे, तर उत्तरेस लाहौलचे कोरडे, उघडे डोंगर असे दोन प्रदेश एकमेकांना खेटून आहेत. एका बाजूचा हंगाम संपला की बहुधा दुसऱ्या बाजूचा सुरू झालेला असतो.

हिवाळ्याचे केंद्र म्हणजे शहरापासून सुमारे तेरा किलोमीटरवरील सोलंग खोरे. जानेवारी ते मार्च हा तेथील स्कीइंगचा मुख्य काळ. बहुसंख्य पर्यटकांसाठी मात्र हा खेळ तासाभराचाच असतो. वाटेवरील दुकानांतून बर्फाचे जाड कपडे आणि बूट भाड्याने घ्यायचे, सौम्य उतारावर दोन-चार वेळा घसरायचे, पडायचे आणि छायाचित्रे काढून परतायचे! खरी हिमक्रीडा पाहावयाची तर आसपासच्या गावांतील मुलांकडे पाहावे लागते. बुरुआ गावची आंचल ठाकूर हिने जानेवारी २०१८ मध्ये तुर्कस्तानातील स्पर्धेत स्लॅलम प्रकारात कांस्यपदक पटकावले. आंतरराष्ट्रीय स्कीइंग स्पर्धेत भारताला मिळालेले ते पहिले पदक होते. तिचा भाऊ हिमांशू ठाकूर २०१४ च्या सोची हिवाळी ऑलिंपिकमध्ये उतरला होता. शहरालगतच्या वसिष्ठ गावात वाढलेल्या शिवा केशवनने १९९८ ते २०१८ या काळात सलग सहा हिवाळी ऑलिंपिकमध्ये ल्यूज या खेळात भारताचे प्रतिनिधित्व केले. देशात ल्यूजचा बर्फाळ मार्ग नसल्याने चाके लावलेली घसरगाडी हिमालयातील डांबरी रस्त्यांवरून, मोटारींच्या रहदारीतून पळवीत त्याने सराव केला.

याच काळात या परिसरात एक जुनी प्रथाही पाळली जाते. मकरसंक्रांतीनंतर ४२ दिवस गोशाळ आणि शेजारच्या काही गावांत मोठा आवाज केला जात नाही. दूरचित्रवाणी संच व वाद्येही बंद राहतात. या दिवसांत ग्रामदेवता स्वर्गात गेलेल्या असतात, अशी श्रद्धा आहे. पर्यटकांचा कल्लोळ आणि गावांचे हे मौन एकाच खोऱ्यात, एकाच महिन्यात नांदते.

खेळांना शास्त्रशुद्ध पाया देण्याचे काम येथील गिर्यारोहण संस्थेने केले. १९६१ मध्ये स्थापन झालेली ही संस्था आज 'अटलबिहारी वाजपेयी पर्वतारोहण व संलग्न क्रीडा संस्था' या नावाने ओळखली जाते. गिर्यारोहणाचा सुमारे चार आठवड्यांचा प्राथमिक अभ्यासक्रम, प्रगत अभ्यासक्रम आणि स्कीइंगचे वर्ग तेथे चालतात. सह्याद्रीत कातळारोहण शिकलेले महाराष्ट्रातील अनेक तरुण बर्फावरील चालीचे पहिले धडे येथेच गिरवतात.

मार्च सरला की बर्फ वितळू लागतो आणि खेळ नदीकडे वळतो. कुलूजवळ पिरडी ते झिरी हा सुमारे १४ किलोमीटरचा पट्टा राफ्टिंगसाठी प्रसिद्ध आहे. बियासचे पाणी हे मुख्यतः वितळलेल्या बर्फाचे असल्याने मे-जूनमध्ये दिवस चढेल तशी पातळी वाढत जाते. सकाळी शांत वाटणारा प्रवाह दुपारनंतर आक्रमक होतो. हवेचेही तसेच. उन्हाने डोंगरउतार तापले की हवा वर उठते आणि तिच्या आधारे पॅराग्लायडर तरंगतो, परंतु दुपारी खोऱ्यातून वर येणारा वारा फार जोर धरतो. अनुभवी वैमानिक अशा वेळी उड्डाण थांबवतो. गर्दीच्या दिवसांत रांगेतील पर्यटकांची आणि व्यावसायिकाची घाई हाच निर्णय अवघड करते.

ही घाई किती महाग पडते, हे महाराष्ट्राने अनुभवले आहे. डिसेंबर २०२२ मध्ये कुलू जिल्ह्यातील डोभी येथे पॅराग्लायडिंग करताना उंचावरून कोसळून महाराष्ट्रातील एका पर्यटकाचा मृत्यू झाला. हवाई क्रीडांसाठी २००४ चे आणि राफ्टिंगसाठी २००५ चे राज्यनियम अस्तित्वात आहेत. नोंदणी, साधनांची तपासणी आणि चालकाचा परवाना त्यांत अनिवार्य आहे. तरीही पर्यटक भाव विचारतो, परवाना क्वचितच विचारतो. सुरक्षापट्ट्यांचे बकल स्वतः तपासून पाहण्यास अर्धा मिनिटही लागत नाही.

दरवर्षी १५ जुलै ते १५ सप्टेंबर या काळात राज्यात पॅराग्लायडिंग व राफ्टिंगवर बंदी असते. 'बारमाही' या शब्दाला येथे पहिला छेद जातो. पण खोऱ्याने या दोन महिन्यांचीही सोय लावली आहे, कारण हाच सफरचंदांच्या तोडणीचा काळ असतो. उन्हाळ्यात राफ्ट वल्हवणारा किंवा हिवाळ्यात स्की शिकविणारा तरुण या दिवसांत घरच्या बागेत काम करताना दिसतो. पायी भटकणाऱ्यांसाठी मात्र हा उत्तम हंगाम आहे. सुमारे ४,२७० मीटर उंचीच्या हामटा खिंडीवर दक्षिणेकडून पावसात, फुलांनी भरलेल्या कुरणांतून चढावे आणि पलीकडे लाहौलच्या रुक्ष खोऱ्यात उतरावे, असा चार-पाच दिवसांचा मार्ग आहे. पीरपंजालची भिंत म्हणजे काय, हे तेथे पायांनाच कळते.

ही भिंत ३ ऑक्टोबर २०२० रोजी वेगळ्या अर्थाने ओलांडली गेली. त्या दिवशी ९.०२ किलोमीटर लांबीच्या अटल बोगद्याचे उद्घाटन झाले. त्याआधी ३,९७८ मीटर उंचीची रोहतांग खिंड बर्फाने बंद झाली की लाहौलचा रस्ता वर्षातील अनेक महिने तुटत असे. आता सोलंगमध्ये बर्फ कमी पडला, तर गाड्या बोगद्यातून थेट सिस्सू, कोकसरकडे जातात. मनालीच्या हिवाळी हंगामाला त्यामुळे आधार मिळाला, पण गर्दीचा भारही पलीकडच्या लहान गावांवर गेला. रोहतांगवर हा भार पूर्वीच असह्य झाला होता. हिमनद्यांवरील काजळी आणि कचऱ्याची दखल घेऊन राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१५ मध्ये तेथे जाणाऱ्या पर्यटक वाहनांवर दिवसाला १,००० ची मर्यादा घातली. त्यांत ६०० पेट्रोलवर आणि ४०० डिझेलवर चालणारी होती.

बोगदा आणि नियम यांनी माणसांची ये-जा आखता येते. पाऊस आणि बर्फ आखता येत नाहीत. २०२४ चा जानेवारी महिना अखेरच्या दिवसांपर्यंत हिमाचलात जवळजवळ कोरडा गेला. ऐन हंगामात उतार तपकिरी पडले, स्कीइंगचे प्रशिक्षक हात बांधून बसले. हा बर्फ पडला नाही तर उन्हाळ्यात ओढ्यांना पाणी कमी आणि थंडीचे तास न भरल्याने सफरचंदाला मोहोरही कमी, म्हणजे एका ऋतूची तूट पुढच्या दोन ऋतूंना भरावी लागते.

पावसाचे टोक दुसरे. ९ आणि १० जुलै २०२३ रोजी झालेल्या अतिवृष्टीत बियासने कुलू-मनाली महामार्ग ठिकठिकाणी खरवडून नेला आणि हजारो पर्यटक अडकून पडले. ऑगस्ट २०२५ मध्ये पुन्हा पूर आला. नदीकाठची दुकाने वाहून गेली, रस्ता पुन्हा तुटला आणि तोडलेल्या सफरचंदांचे ट्रक वाटेतच थांबले. वर्षाची मिळकत ज्या दोन पायांवर उभी असते, ते खेळ आणि बाग असे दोन्ही एकाच रस्त्याच्या भरवशावर आहेत.

अशा पुरानंतर नदीचे पात्रही पूर्वीचे राहत नाही. मोठे दगड सरकतात, ओळखीचे भोवरे नाहीसे होतात आणि नवे तयार होतात. म्हणूनच १५ सप्टेंबरला बंदीची मुदत संपली, तरी राफ्टचालक प्रथम प्रवाशांविना पाण्यात उतरतात आणि बियासची वाट नव्याने पाहून घेतात.