पेट्रोल कंपनीचे की पंपाचे?

आमच्या मालेगावात चहाच्या हॉटेलात चार माणसे बसली की दोन वाद हमखास होतात. कोणाची मोटारसायकल किती अॅव्हरेज देते हा पहिला, आणि पेट्रोल कोणत्या कंपनीचे चांगले हा दुसरा. एक म्हणतो, आपण फक्त भारतचेच भरतो. दुसरा इंडियन ऑइलशिवाय दुसरीकडे वळत नाही. तिसरा सांगतो की त्याच्या साडूने कंपनी बदलली आणि गाडी लिटरमागे पाच किलोमीटर जास्त पळू लागली. साडूची गाडी आजवर कोणी पाहिलेली नाही. मीही वीस वर्षे एकाच रंगाच्या पाटीखाली स्कूटर उभी करत आलो. का, असे कोणी विचारले असते तर सांगता आले नसते.

दोन पावसाळ्यांपूर्वी त्याच माझ्या आवडत्या पाटीखाली पेट्रोल भरले आणि शंभर पावलांवर स्कूटर बंद पडली. ढकलत भाच्याच्या गॅरेजवर नेली. त्याने टाकीतले पेट्रोल एका पारदर्शक बाटलीत काढले आणि बाटली स्टुलावर ठेवून दिली. थोड्या वेळाने पाहतो तर तळाशी वेगळा थर, वर वेगळा. मी तावातावाने म्हणालो, आता कंपनीच बदलतो. भाचा हात पुसत म्हणाला, "मामू, कंपनी बदलून काय होणार? पंप बदला."

त्याचे म्हणणे कितपत खरे, हे शोधायला मी लागलो, आणि ते बरेचसे खरे निघाले.

मुंबईत माहुलला दोन मोठे तेलशुद्धीकरण कारखाने आहेत. त्यांपैकी एक एस्सोने १९५४ मध्ये सुरू केला, दुसरा बर्मा शेलने १९५५ मध्ये. सरकारने १९७४ मध्ये एस्सो आणि १९७६ मध्ये बर्मा शेल ताब्यात घेतली. त्यांची हिंदुस्तान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियम झाली, गावोगावच्या पंपांवरच्या पाट्या बदलल्या. कारखाने जिथे होते तिथेच राहिले. आमचे अब्बा शेवटपर्यंत त्या पंपाला 'बर्मा शेल'च म्हणत. इंडियन ऑइलचे पंप महाराष्ट्रात जागोजागी आहेत, पण तिचा स्वतःचा कारखाना या राज्यात नाही. जवळचा म्हणजे गुजरातेत, बडोद्याजवळ कोयलीला. शेलचा तर भारतात एकही नाही. मग यांच्या पंपांवर पेट्रोल येते कुठून? तर या कंपन्यांनी आपसात देवाणघेवाणीचे करार केलेले आहेत. ज्याचा कारखाना किंवा डेपो जवळ, त्याच्याकडून दुसऱ्याने माल उचलायचा. एकाने आपले पेट्रोल शेकडो किलोमीटर वाहून न्यायचे आणि दुसऱ्याने त्याच रस्त्याने उलटे आणायचे, यात भाड्याशिवाय काहीच वाढत नाही. म्हणजे एका कंपनीच्या पाटीखाली आपण भरतो ते पेट्रोल दुसरीच्या कारखान्यातले असू शकते.

ते चालते, कारण सर्वांना कसोटी एकच आहे. पेट्रोल कसे असावे हे भारतीय मानक ब्यूरोने ठरवून दिलेले आहे आणि त्यातून कोणत्याही कंपनीची सुटका नाही. १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज सहाचे इंधन आले. गंधक दहा लाख भागांत जास्तीत जास्त १० भाग, हे सरकारी कंपनीलाही आणि खासगी कंपनीलाही.

फरक पडतो तो वर घातलेल्या मसाल्याचा. महागडे 'प्रीमियम' पेट्रोल मिळते त्यात दोन गोष्टी असू शकतात. एक म्हणजे इंजिनाच्या आतले व्हॉल्व्ह स्वच्छ ठेवणारी रसायने. ती उपयोगाची आहेत. पण त्यांचा परिणाम सावकाश होतो, पुढच्या चौकापर्यंत जाणवणारा नसतो. दुसरी गोष्ट ऑक्टेनचा आकडा. याबद्दल फार गैरसमज आहे. ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे. इंजिनात पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण दाबले जाते आणि प्लगची ठिणगी पडली की ते जळावे अशी अपेक्षा असते. ठिणगीची आग पोहोचण्याआधीच दाबाने आणि उष्णतेने ते आपोआप पेटले तर इंजिन खडखडते. त्या आगाऊ पेटण्याला पेट्रोल किती विरोध करते, ते ऑक्टेन सांगते. ज्या इंजिनात दाब फार, त्याला चढा आकडा लागतो. माझ्या स्कूटरसारख्या साध्या गाडीला १०० ऑक्टेनचे पेट्रोल पाजणे म्हणजे शेळीला बदाम चारण्यासारखे आहे. गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेत किती ऑक्टेन हवे ते छापलेले असते. ते पुस्तक आपण कपाटात ठेवतो आणि हॉटेलात वाद घालतो.

आता या वादात इथेनॉलची भर पडली आहे. २०२५ पर्यंत २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल देशात जवळपास सगळीकडे पोहोचले. तेवढ्याच लिटरमध्ये इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांशाने कमी असते, तेव्हा अॅव्हरेज थोडे घटणारच. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच जुन्या धाटणीच्या चारचाकींसाठी ६ ते ७ टक्के आणि दुचाकींसाठी ३ ते ४ टक्के घट धरलेली होती. २० टक्क्यांसाठीच बनवलेल्या गाडीत ती बरीच कमी. पण हा फटका कंपनी पाहून बसत नाही; साधे पेट्रोल भरणाऱ्या सर्वांना सारखाच.

माझ्या बाटलीतला थरही इथेनॉलनेच समजतो. पेट्रोल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, पण इथेनॉल पाण्याला ओढून घेते. पंपाच्या जमिनीखालच्या टाकीत पावसाचे पाणी झिरपले की काही प्रमाणापर्यंत ते मुरते. प्रमाण ओलांडले की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून फुटतात आणि तळाशी बसतात. चांगला पंपवाला रोज टाकीत मोजपट्टी सोडतो, तिला पाणी लागले की रंग बदलणारी पेस्ट लावलेली असते. आळशी पंपवाला पेस्ट वाचवतो. पाटी दोघांचीही एकच असू शकते.

आळशीपणा परवडला, असे म्हणावे इतके वाईट प्रकार पुढे आहेत. मालेगावपासून पस्तीस-चाळीस किलोमीटरवर, मनमाडजवळ पानेवाडीला तिन्ही सरकारी कंपन्यांचे डेपो आहेत. मुंबईहून भारत पेट्रोलियमची पाइपलाइन तिथे येते. उत्तर महाराष्ट्र आणि मराठवाड्याकडे जाणाऱ्या टँकरच्या रांगा मी लहानाचा मोठा होताना पाहिल्या. डेपोच्या फाटकातून पेट्रोल चोख निघते. फाटक आणि पंपाची टाकी यांच्यामध्ये जो रस्ता आहे, तिथे काय होते हा खरा प्रश्न. स्वस्त रॉकेल किंवा सॉल्व्हंट महाग पेट्रोलमध्ये ओतले की मधला सगळा पैसा नफा. रॉकेलने ऑक्टेन खाली येते, इंजिन खडखडते, धूर वाढतो.

२५ जानेवारी २०११ रोजी आमच्या मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे त्या बाजूने जात होते. रस्त्याकडेला तेलाची चोरी आणि भेसळ चाललेली दिसली म्हणून ते थांबले. भरदिवसा त्यांना जिवंत जाळले. दोन दिवसांनी राज्यभरातल्या सरकारी कर्मचाऱ्यांनी काम बंद ठेवले. त्याआधी, नोव्हेंबर २००५ मध्ये, उत्तर प्रदेशात लखीमपूर खेरी जिल्ह्यात इंडियन ऑइलचे तरुण अधिकारी मंजुनाथ षण्मुगम यांना गोळ्या घातल्या होत्या. त्यांनी भेसळ करणारा पंप बंद केला होता. सोनवणे गेले त्या आठवड्यात मला श्रद्धांजलीच्या सभेसाठी कविता मागायला लोक आले. मी बसलो, पण ओळ झाली नाही. त्यांच्या कचेरीसमोरून मी रोज जात असे. पेट्रोल तपासणे हे एखाद्याच्या जिवावर बेतणारे काम आहे, हे तोवर माझ्या ध्यानातच आले नव्हते.

आपल्याला एवढे धाडस करायचे नाही. कायद्याने गिऱ्हाइकाला दिलेले मागायचे, इतकेच. पंपावर फिल्टर पेपर मागता येतो. नोझलचे तोंड पुसून त्यावर एक थेंब पाडायचा. शुद्ध पेट्रोल दोनेक मिनिटांत उडून जाते, डाग राहिला तर शंका घ्यावी. माप कमी वाटले तर वैधमापन खात्याचा शिक्का असलेले पाच लिटरचे माप मागावे. पाच लिटरला २५ मिलिलिटरपर्यंतची तूट चालते, त्यापुढे नाही. २०१७ मध्ये आधी लखनौला आणि मग ठाणे पोलिसांच्या छाप्यांत पंपाच्या यंत्रात बसवलेल्या चिप सापडल्या होत्या. काट्यावर शून्य पाहिले की काम झाले, असे समजणाऱ्यांसाठी ही माहिती.

तिसरी चाचणी घनतेची. पंपावर त्या दिवशीची घनता लिहिलेली असते. जारमध्ये पेट्रोल घेऊन हायड्रोमीटर आणि थर्मामीटर बुडवतात, तक्त्यावरून १५ अंशांचा आकडा काढतात. लिहिलेल्या आकड्याशी तो घनमीटरमागे ३ किलोच्या आत जुळला पाहिजे. हुशार भेसळवाला घनता जुळवूनही मिसळतो, ते पकडायला प्रयोगशाळाच लागते. पण सगळेच चोर हुशार नसतात.

मी पंप बदलला आहे. नव्या पंपावर परवा पहिल्यांदा घनता मागितली. मागे चार गाड्या, हॉर्न सुरू. नोझल धरलेला मुलगा माझ्याकडे पाहत म्हणाला, "चाचा, तुम्ही ते कवितावाले ना? तुम्हाला हे कशाला पाहिजे?" मॅनेजर मात्र काही न बोलता जार घेऊन आला. फळ्यावर ७४८ होते, आमचे ७४६ निघाले. मी दोनशेचे पेट्रोल भरले.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)