मणक्यात दिसतं जबड्याचं वय

गेवराई तालुक्यातल्या तलवाड्याची देवी त्वरिता. नावातच घाई. गावातल्या तेरा वर्षांच्या पोराचा खालचा जबडा मागे राहिला असेल, तर ही घाई उपयोगी पडते. तोच जबडा पुढे वाढत चालला असेल आणि ऑपरेशनचा विचार असेल, तर मात्र थांबावं लागतं.

आधी दातांना लावायच्या तारांची गंमत बघा. दात हाडात रुतलेला नसतो. मुळाभोवती पाव मिलिमीटरपेक्षा पातळ तंतूंचा पडदा असतो. तारेचा हलका दाब आला की दाबाच्या बाजूचं हाड पेशी कुरतडतात, मागच्या बाजूला दुसऱ्या पेशी नवं हाड रचतात. महिन्याला जेमतेम एक मिलिमीटर. जोर वाढवला, तर तिथला रक्तपुरवठा दबून काम उलट रखडतं!

पण तार दात हलवते, जबडा नाही. जबड्याची वाढ किती उरली, हे डॉक्टर चेहऱ्याच्या बाजूने काढलेल्या एक्स-रेत पाहतात, आणि तेही मानेच्या मणक्यांत. लहानपणी सपाट असलेली त्यांची खालची कड वयात येताना आत वळते. वाढीचा जोर असतो तो याच सुमारास.

जबडा मागे राहिला असेल, तर तेव्हा ‘ट्विन ब्लॉक’ बसवतात. स्कॉटलंडच्या विल्यम क्लार्क यांनी 1977 मध्ये काढलेले हे दोन उतरते ठोकळे. तोंड मिटलं की खालचा जबडा पुढे सरकतो. खरं सांगायचं तर हाडाची जादा वाढ थोडीच मिळते, बाकी काम दात कलल्यामुळे होतं. तरी मी आधी हाच मार्ग बघेन.

वाढ संपल्यावर दोन वाटा उरतात. वरच्या दाढांपुढचे दात काढून समोरचे मागे ओढायचे. दात जुळतात, हनुवटी मात्र होती तिथेच राहते. नाहीतर ऑपरेशन. शल्यविशारद ओब्वेगेसर यांनी 1957 मध्ये मांडलेल्या पद्धतीत तोंडाच्या आतूनच खालचं हाड उभं चिरून त्याचे दोन पापुद्रे एकमेकांवर सरकवतात आणि आता टायटॅनियमच्या पट्ट्यांनी बांधतात. त्याच हाडातून ओठ-हनुवटीची नस जाते. बधिरपणा काहींना कायमचा राहतो. आणखी एक नवल म्हणजे ऑपरेशनआधी तारांनी चावा मुद्दाम बिघडवावा लागतो, कारण वाकड्या जबड्याशी जुळवून घेत कललेले दात आधी सरळ करायचे असतात. पहिल्या वाटेची दिशा नेमकी उलटी. म्हणून कोणती वाट, हे दात काढण्याआधीच ठरलेलं बरं.

जबडा पुढे आलेल्या पोराची वाढ थांबली का, हे पाहायला वर्षाच्या अंतराने काढलेले दोन एक्स-रे एकमेकांवर ठेवतात. रेषा तंतोतंत जुळल्या, तरच ऑपरेशनची तारीख.

ट्विन ब्लॉक तर जेवतानाही तोंडात हवा, आणि दर महिना-दीड महिन्याला दाखवायला जायला हवं. छत्रपती संभाजीनगरला सरकारी दंत महाविद्यालय आहे. पण आईबाप दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला निघाले, की पोरगं आजीजवळ राहतं. तेव्हा दवाखान्यात पहिला प्रश्न जबड्याचा नको. फडावरून परत कधी येणार, हा हवा.