दीड तासाचा उजेड

सकाळी 6.10
रविवार आहे, म्हणून नालासोपाऱ्याला लोकलमध्ये बसायला जागा मिळते. दुपारी रेल्वेचा जम्बो ब्लॉक असल्यामुळे वायरमनदादा लवकर निघालेत. सॅकमध्ये मल्टिमीटर, टेस्टर, पक्कड, टेप आणि जेवणाचा डबा. हातात छत्री, कारण जुलै आहे. पगार महिना 23 हजार. आजच्या रविवारचे 900 जादा.

7.20
अंधेरी पूर्वेची सात मजली ऑफिसची इमारत. दोन जिने. इमर्जन्सी दिवे आणि एक्झिट बोर्ड मिळून 52. नुकताच आयटीआय झालेला पोरगा घडीची शिडी घेऊन उभाच आहे. त्याची रोजी 600. आज त्यांची चाचणी. बॅटऱ्या पूर्ण डिस्चार्ज करायच्या, मग त्या भरायला जवळजवळ 24 तास जातात. ऑफिसं चालू असताना हे करता येत नाही. म्हणून रविवार.

8.30
दोघं सगळे मजले फिरून आलेत. आत कोणी नाही. दादा प्रत्येक डीबीतली (वितरण पेटीतली) लायटिंगची एमसीबी खाली करत वर जातात. लिफ्टच्या आणि फायर पंपाच्या स्विचला हात लावायचा नाही. जिन्याला खिडकी नाही. क्षणभर काळोख, मग दिवे लागतात. मोजले तर 47. न लागलेल्या पाचांवर पोरगा लाल टेप चिकटवतो.

9.10
चाळीस मिनिटं झाली. आणखी चार दिवे पिवळे पडत पडत विझले. दर दहा मिनिटांनी सात मजले चढायचे आणि उतरायचे. दादा कठडा धरून चढतात.
"दादा, लागले होते ना? मग ओके नाही का?"
"बटण दाबून दोन मिनिटं बघितलं असतं तर ओकेच लिहिलं असतंस. धुरात सातव्या मजल्यावरून उतरायला वेळ लागतो रे."
29 डिसेंबर 2017 ला मध्यरात्रीनंतर मुंबईतल्या कमला मिलच्या आगीत 14 माणसं गेली. त्यातली बरीच टॉयलेटमध्ये अडकली होती. दादा पोराला एवढंच सांगतात आणि पुढचा जिना चढतात.

10.00
दीड तास पूर्ण. नॅशनल बिल्डिंग कोडने निदान एवढा वेळ मागितला आहे. 40 दिवे टिकले, 12 गेले. एमसीबी पुन्हा वर.

10.20
चौथ्या मजल्यावर एकाच ऑफिसातले तिन्ही दिवे मेलेले. झाकण उघडलं तर बॅटऱ्या फुगलेल्या. दादा वायरचा माग काढत फॉल्स सीलिंगपर्यंत पोहोचतात. इंटिरियरवाल्याने या दिव्यांची फेज साध्या लाइटच्या स्विचवर घेतली आहे. संध्याकाळी शेवटचा माणूस स्विच बंद करून घरी जातो. दिव्याला वाटतं, वीज गेली. तो बॅटरीवर जळत बसतो, रोज रात्री. अशी बॅटरी किती दिवस टिकणार? दादा स्विचशिवायची फेज शोधतात आणि जोड बदलतात. घामाने शर्ट पाठीला चिकटतो.

11.15
फोन. सोसायटीचे मॅनेजर म्हणतात, "आतले दिवे ऑफिसवाल्यांचे." ऑफिसचा माणूस म्हणतो, "आम्ही भाड्याने आहोत, मालकाला विचारा." मालक फोन उचलत नाहीत. महाराष्ट्राच्या 2006 च्या आग प्रतिबंधक कायद्याने आगीपासून बचावाची यंत्रणा चालू ठेवायची जबाबदारी मालकावर किंवा जागा वापरणाऱ्यावर टाकली आहे. दर जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक एजन्सीचं यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म बी, द्यावं लागतं. मॅनेजरना तीच घाई. "दादा, रजिस्टरला ओके लिहून टाका. बॅटऱ्या पुढच्या महिन्यात बघू."
"साहेब, बदलल्या की लिहितो."

12.00
कोपऱ्यावरचं इलेक्ट्रिकचं दुकान उघडं आहे. 12 व्होल्ट, 7 एएचची सीलबंद बॅटरी हजाराच्या आसपास पडते. मॅनेजरनी किरकोळ खर्चातून 5,000 मंजूर केलेत. जुन्या बॅटऱ्यांचे वजनावर थोडे पैसे सुटतात. एकेक दोन किलोच्या वर भरते. पाच नव्या मिळतात. लागणार आहेत बारा.

1.00
डबा. भाकरी, वांग्याची भाजी, मिरचीचा ठेचा. पाच बॅटऱ्या कुठे लावायच्या ते जेवता जेवता ठरतं. आधी जिन्याची वळणं, कारण तिथे पाय चुकला की मागचे सगळे पडतात.

1.45
पोरगा शिडी धरतो, दादा वर. जुनी बॅटरी काढायची, टर्मिनल घासायचं, लाल लालला, काळी काळीला. मीटर 13.6 व्होल्ट दाखवतो, म्हणजे चार्जिंग चालू आहे. पाचव्या बॅटरीला पोरगा स्वतः वर चढतो. दादा खाली शिडी धरून उभे राहतात.

4.00
रजिस्टर. दादा तारीख, वेळ, दिव्याचा नंबर आणि किती मिनिटं चालला ते लिहितात. पाच दिव्यांपुढे "बॅटरी बदलली", सातांपुढे "बंद". चौथ्या मजल्याची वायरिंग वेगळ्या ओळीत. मॅनेजरची सही घेतल्यावर पानाचा फोटो काढतात.

4.40
दादा स्टेशनकडे निघतात. सात दिवे अजून बंद आहेत, आणि उद्या सकाळी ऑफिसं भरतील.

तुम्ही ज्या इमारतीत कामाला जाता तिथलं रजिस्टर एकदा मागून बघा. दीड तासाची चाचणी शेवटची कधी झाली आणि बंद दिव्यांच्या बॅटऱ्यांचे पैसे कोणी दिले, हे विचारा. वर्षभराच्या पानांवर एकही दिवा "बंद" दिसला नाही, तर तिथे चाचणी झालेली नाही असं समजा.