प्रयोगशाळेत बनवलेल्या डीएनएमधल्या चुका कशा काढतात?

रक्ताच्या काही कर्करोगांवर भारतात तयार झालेली नेक्सकार१९ ही कार-टी उपचारपद्धती ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजूर झाली. पवईचे आयआयटी आणि टाटा मेमोरियल यांच्या संशोधनातून ती आली. यात रुग्णाच्याच टी-पेशी काढून त्यांत प्रयोगशाळेत रचलेला जीन घालतात. ठाणे-डोंबिवलीकडचे नातेवाईक मला विचारतात, "डॉक्टर, तो जीनच चुकीचा बनला तर?"

शंका रास्त आहे. डीएनए रसायनांनी एकेक अक्षर जोडत बनवतात. प्रत्येक जोडणी ९९.५ टक्के यशस्वी झाली, तरी २०० अक्षरांचे फक्त ३७ टक्क्यांच्या आसपास धागे पूर्ण बरोबर निघतात. बहुतेक वेळा एखादे अक्षर गळते. पेशी तीन-तीन अक्षरे वाचते, त्यामुळे एक गळाले की पुढचे सगळे बिघडते. 'कमल मगर बदक' मधला पहिला 'म' काढा आणि पुन्हा तीन-तीन अक्षरे वाचा: 'कलम गरब दक'!

म्हणून लहान तुकडे बनवून जोडतात आणि मग चुका शोधतात. दुपदरी डीएनए तापवला की पदर सुटतात, थंड केला की पुन्हा जुळतात, पण जोडीदार बदलतात. चुकीच्या पदराला बहुधा बरोबर पदर भेटतो आणि चुकीच्या जागी जोडी नीट बसत नाही. जिवाणूंमधले म्युट-एस हे प्रथिन तिथेच चिकटते, तर काही एन्झाइम तिथे कापतात. त्यातले एक चक्क सेलरीच्या भाजीतून मिळते. तरीही काही चुका उरतात. म्हणून जिवाणूंमध्ये एकेक प्रत वेगळी वाढवून तिचे प्रत्येक अक्षर वाचतात आणि पूर्ण बरोबर असलेली प्रतच ठेवतात. पुढचा साठा त्या प्रतीवरून, जिवाणूंकडून नक्कल करून घेतात. त्यांची नक्कल रसायनांपेक्षा कितीतरी अचूक असते. प्रत्येक रुग्णासाठी जीन नव्याने रचत नाहीत.

त्यामुळे माझ्या मते काळजी करायची ती अक्षरांची नाही, उपचारानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांची. पेशी जोमाने कामाला लागल्या की तीव्र ताप येऊ शकतो, रक्तदाब उतरू शकतो, बोलण्यात गोंधळ होऊ शकतो. संसर्गाचा धोकाही असतो. अशा वेळी घरी पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहू नका. उपचार केंद्राला रात्री असली तरी लगेच फोन करा आणि जवळच्या डॉक्टरांना आधी 'कार-टी झाली आहे' एवढे सांगा.