‘कार्व्ह आउट’ : काढणे आणि निघणे

1 नोव्हेंबर 2000 रोजी छत्तीसगड राज्य अस्तित्वात आले. रायपूर त्याची राजधानी झाली आणि पुढे त्या शहराच्या आग्नेयेस नवा रायपूर वसू लागला. (यातला ‘नवा’ छत्तीसगढी आहे, आधी हिंदी ‘नया’ होता. मराठी वाचकाला त्याचे भाषांतर नको.) या राज्याच्या जन्माविषयीच्या इंग्रजी लेखनात एक क्रियापद हटकून भेटते : मध्य प्रदेशातून छत्तीसगड ‘कार्व्ह आउट’ केले गेले.

‘कार्व्ह’ म्हणजे सुरीने कापणे वा छिन्नीने कोरणे. ‘आउट’ या अव्ययाने अर्थ बदलतो : कापलेला भाग मूळ वस्तूतून सुटून बाहेर येतो आणि त्याला स्वतःचा आकार मिळतो. वेरूळचे कैलास लेणे खडकातून कोरून काढले आहे, येथे मराठी व इंग्रजी जुळतात. एखाद्या गायिकेने संगीतात स्वतःचे स्थान निर्माण केले, यासाठीही इंग्रजी हेच क्रियापद वापरते. मराठीत तेव्हा छिन्नी बाजूला ठेवून ‘कष्टाने’ हा शब्द घालावा लागतो.

राज्याच्या बाबतीत खरी पंचाईत होते. ‘कोरून काढले’ म्हणताच दात आणि कान आठवतात. ‘तोडले’ यात दुखावलेपण आहे, ‘फोडले’ यात कारस्थानाचा वास. संविधानाच्या तिसऱ्या अनुच्छेदातील भाषा तटस्थ आहे : राज्यातून प्रदेश अलग करून नवे राज्य बनवणे. कायद्यापुरते ते ठीक.

पण एकत्र कुटुंबाने मराठीला याहून नेमके शब्द दिले आहेत. धाकटा भाऊ ‘वेगळा निघाला’ आणि धाकट्याला ‘वेगळा काढला’ या दोन वाक्यांत साऱ्या भावकीचा तंटा सामावतो. इंग्रजी कर्मणी रचना कर्ता झाकून ठेवते. मराठीत तो सांगावाच लागतो. छत्तीसगडच्या मागणीचा ठराव मध्य प्रदेश विधानसभेने 1994 मध्येच केला होता. कायदा संसदेने 2000 मध्ये केला. म्हणून वाक्य संसदेविषयी असेल तर ‘वेगळे काढले’, लोकांच्या मागणीविषयी असेल तर ‘वेगळे निघाले’. 1956 साली विदर्भाचे आठ जिल्हे जुन्या मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आले. तेथे मात्र हे क्रियापद एकटे पुरत नाही. नवा आकार उभा राहिलाच नाही. प्रदेश एकीकडून निघून दुसरीकडे जोडला गेला.

नव्या रायपूरविषयीही इंग्रजीत हेच लिहिता येईल : गावांच्या शिवारातून शहर ‘कार्व्ह आउट’ झाले. मराठीत ‘शेतकऱ्यांच्या जमिनी संपादन करून शहर वसवले’ असे लिहावे. वाक्य लांबते, पण त्यात शेतकरी दिसतो.